कोरियाच्या पारंपरिक युद्धकला, कोणत्याही वयात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ वर्षं मी सुवनला राहते. सोलच्या दक्षिणेला, मेट्रोने तासाभरावर. इथल्या आणि तिकडच्या मराठी मंडळींचे मेसेज सतत येत असतात: मुलाला कुठे घालू, या वयात मला जमेल का, बाबांना काही करता येईल का. प्रत्येकाला घाईघाईत उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट बसून लिहावं म्हणून हे पान. मी स्वतः तेक्क्यॉन शिकते, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. त्यामुळे त्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

कोरियन मार्शल आर्ट म्हणजे तायक्वांदोच ना?

तायक्वांदो सगळ्यांत प्रसिद्ध आहे, पण या भावंडांत तो वयाने बराच धाकटा. 'तायक्वांदो' हे नावच १९५५ साली ठरलं. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे तीन गोष्टी चालत आल्या आहेत: पायांचा खेळ असलेलं तेक्क्यॉन, वाळूतली कुस्ती म्हणजे सिरम, आणि धनुर्विद्या. सांधे पिळण्यावर आणि फेकण्यावर भर देणारा हापकिडो विसाव्या शतकातला. छोए योंग-सुल यांनी जपानहून परत आल्यावर तेगू शहरात तो शिकवायला घेतला आणि त्याची मुळं जपानी विद्येत आहेत.

शस्त्रविद्येचा प्रवाह वेगळा. राजा चॉंगजोच्या आज्ञेने १७९० साली 'मुये दोबो थोंगजी' नावाचा सचित्र ग्रंथ तयार झाला. भाला, तलवार, ढाल, नुसते हात, घोड्यावरून करायचे प्रकार असे एकूण चोवीस त्यात चित्रांसकट दिले आहेत. आमच्या सुवनच्या जुन्या राजवाड्यासमोर त्यांची प्रात्यक्षिकं होतात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांवर वाढलेल्या माणसाला तिथून पाय निघत नाही.

या कला दोन हजार वर्षं जुन्या आहेत असं क्लासमध्ये सांगतात. खरं आहे का?

अर्धं. गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातली थडगी आज चीनमध्ये असलेल्या जिआन गावाजवळ आहेत. त्यांतल्या एकाच्या भिंतीवर एकमेकांना भिडलेले दोन मल्ल रंगवलेत. म्हणजे कोरियात कुस्ती फार जुनी आहे, यात शंका नाही. पण तिथून आजच्या तायक्वांदोपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. तायक्वांदो ज्यांनी घडवला त्यांतले बरेच जण जपानी राजवटीत कराटे शिकलेले होते. सोलमधला छोंगदोग्वान हा वर्ग १९४४ साली सुरू झाला, तेव्हा तिथे जे शिकवलं जायचं ते कराटेच्या बरंच जवळचं होतं. नंतर कोरियन लोकांनी त्यात पायांवर भर दिला, उंच आणि वेगवान लाथा आणल्या आणि त्याला स्वतःचं रूप दिलं. कुक्कीवॉन हे मुख्यालय १९७२ मध्ये उभं राहिलं, २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोला पदकं मिळायला लागली. पन्नास-साठ वर्षांत जगभर पोहोचलेली ही गोष्ट आहे. एवढं कर्तृत्व असताना तिला खोटं म्हातारपण चिकटवायची काय गरज, असं मला मनापासून वाटतं.

तेक्क्यॉन म्हणजे नक्की काय?

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, दोन माणसं नाचताहेत. गुडघे सैल, हात वाऱ्यावर सोडल्यासारखे हलताहेत, एक पाय पुढे येतो, मागे जातो, दुसरा येतो. आणि त्या डोलण्यातूनच अचानक एक पाय समोरच्याच्या घोट्याला लागतो आणि तो माणूस खाली बसलेला असतो.

या पावलांना पुमबाप्की म्हणतात. 'पुम' हे चिनी अक्षर म्हणजे तीन चौकोन, एक वर आणि दोन खाली. पावलं जमिनीवर तोच त्रिकोण काढतात. दोन्ही पाय मागच्या दोन टोकांवर, मग एक पाय पुढच्या टोकावर टाकायचा, परत आणायचा, दुसरा टाकायचा. ताल तीनाचा. पाऊल टाकताना गुडघा दबतो त्याला 'कुमशिल' म्हणतात आणि मग ओटीपोट किंचित पुढे जाऊन शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं त्याला 'नुंगछॉंग'. दाबायचं आणि सोडायचं. लाथेतली ताकद याच दाब-सोडीतून येते, मांडीच्या जोरातून नव्हे. मला हे डोक्यात शिरायला चार महिने लागले आणि पायात उतरायला वर्ष. तोंडाने 'इखु! एखु!' असा आवाज काढायचा. तो ओरडा शोभेचा नसतो. श्वास पोटातून बाहेर पडतो आणि ताल सुटत नाही.

जुन्या काळी हा गल्ल्यांचा खेळ होता. सोलमध्ये वरच्या आळीचे विरुद्ध खालच्या आळीचे असे सामने व्हायचे, विशेषतः तानो सणाच्या दिवसांत. सुरुवात व्हायची 'एगी तेक्क्यॉन'ने, म्हणजे बच्चेकंपनीच्या लढतींनी. पोरं खेळायची, मग त्यांच्याहून मोठी, मग गडी उतरायचे. यू सुक या चित्रकाराने १८४६ मध्ये काढलेल्या 'तेक्वेदो' चित्रात एकीकडे सिरम चाललंय, दुसरीकडे तेक्क्यॉन, आणि भोवती सगळ्या वयाची माणसं गोल करून बसली आहेत. 'सगळ्या वयांसाठी' हे आज जाहिरातीत लिहावं लागतं. त्या चित्रात ते नुसतं दिसतं.

जपानी राजवटीत हे सामने बंद पडत गेले. सोलच्या साजिक-दोंग भागात १८९३ साली जन्मलेले सोंग दॉक-गी लहानपणी इम हो नावाच्या गुरूंकडे शिकले होते, आणि मधल्या सगळ्या उलथापालथीतून त्यांनी ते अंगात जपून ठेवलं. छुंगजू गावचे शिन हान-सुंग त्यांच्याकडे शिकायला आले, त्यांनी ते क्रमाने मांडलं, शिकवण्याजोगं केलं. १९८३ मध्ये सरकारने तेक्क्यॉनला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा ७६ वा क्रमांक दिला, तेव्हा सोंग नव्वद वर्षांचे होते. १९८७ च्या जुलैत, काही आठवड्यांच्या अंतराने, दोघेही गेले. चार वर्षं उशीर झाला असता तर काय उरलं असतं, हा विचार वर्गात कधीकधी मनात येतो आणि पाय आपोआप नीट पडायला लागतात. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीतही नाव आलं.

मग यात हार-जीत कशी ठरते?

समोरच्याला पाडलं किंवा त्याच्या चेहऱ्यावर लाथ लावली की जिंकलं. संस्थेगणिक बारीकसारीक नियम बदलतात, गाभा हाच. लाथ फटका मारून हाड मोडणारी नको, ढकलणारी हवी. जीवघेणे जुने प्रकार खेळात चालत नाहीत.

एक नियम मला सगळ्यांत आवडतो. खेळताना तुमचा एक पाय कायम पुढे, समोरच्याच्या आवाक्यात असला पाहिजे. दूर पळून संधी शोधायची सोय नाही. या नियमाला म्हणतात 'तेजॉप'. रोजच्या कोरियन भाषेत तेजॉप म्हणजे पाहुणचार. घरी आलेल्याला आपण पाणी पुढे करतो, तसा इथे पाय पुढे करायचा.

पायात पाय घालून पाडण्याच्या डावाला 'तानजुक' म्हणतात. हा शब्द इथल्या बोलण्यातही आहे. मिटिंगमध्ये कोणी उगाच आडवं लावलं की 'तानजुक घातला' म्हणतात, आपण खोडा घातला म्हणतो तसं.

माझं वय ४५ आहे. सुरुवात करायला उशीर झाला का?

नाही. पण कुठून सुरुवात करायची ते वयाप्रमाणे ठरवा. पंचेचाळिशीत ऑलिंपिक पद्धतीच्या तायक्वांदोचा सामन्यांचा वर्ग लावलात तर पहिल्याच महिन्यात मांडीची मागची शीर धराल. पुमसे म्हणजे ठरावीक हालचालींच्या मालिका शिकवणारा प्रौढांचा वर्ग शोधा, किंवा तेक्क्यॉन, किंवा धनुर्विद्या.

आमच्या चॉनसुग्वानमध्ये, म्हणजे तेक्क्यॉनच्या शाळेत, बहात्तर वर्षांच्या एक हालमोनी आहेत. हालमोनी म्हणजे आजी. पहिले कित्येक आठवडे मी त्यांच्या शेजारी उभी असायचे. मी दात-ओठ खाऊन पावलं टाकायचे, घामाघूम व्हायचे आणि त्या शेजारी पदर सावरल्यासारख्या सहज डोलत असायच्या. एकदा त्या मागून आल्या, माझ्या गुडघ्याच्या मागच्या खळगीत दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "इथे कुलूप लावून ठेवलंयस तू." त्यांनी बोटं काढली नाहीत. त्यांची बोटं जाणवत असताना मला गुडघा ताठ ठेवताच येईना. त्या दिवशी पहिल्यांदा माझं पाऊल जमिनीवर आदळलं नाही, टेकलं.

पुढे आई साताऱ्याहून दोन महिने राहायला आली होती. वर्ग बघायला घेऊन गेले. पाचेक मिनिटं बघून म्हणाली, "अगं, हा तर झिम्मा आहे!" आणि चप्पल काढून मागच्या रांगेत उभी राहिली. लाथ-बिथ काही नाही, नुसती पावलं. आमच्या साबॉमनिमनी, म्हणजे शिक्षकांनी, तिच्यासाठी ताल जरा संथ केला. मंगळागौरीच्या खेळांवर पोसलेल्या बायकांना पुमबाप्की लवकर जमते हे मी तेव्हापासून खात्रीने सांगते. गुडघा सैल ठेवून तालात पुढे-मागे होणं त्यांच्या अंगात आधीच असतं.

गुडघे दुखतात. तरी चालेल?

आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मगच वर्गात पाऊल टाका. साबॉमनिमना पहिल्याच दिवशी सांगा, लाजू नका. उड्या आणि एका पायावर गिरकी घेऊन मारायच्या लाथा सोडून द्या. दुखणं वाढलं की थांबा. 'अंग मोडून काढायचं' हा आपला तालमीतला हट्ट विशीपर्यंत ठीक.

मूल पाच वर्षांचं आहे. कुठे घालू?

कोरियात असाल तर डोळे मिटून जवळचा तायक्वांदोचा दोजांग, म्हणजे सरावाची जागा. इथे दोजांग ही पोरांची दुसरी शाळाच असते. दुपारी गाडी शाळेच्या दारात उभी, मुलं त्यात चढतात, दोजांगमध्ये दोरीवरच्या उड्या, पळापळी, खेळ आणि मधेमधे तायक्वांदो, मग गाडी घरी सोडते. नोकरी करणाऱ्या आईबापांना तो मोठा आधार आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाने लाथ किती उंच मारली याकडे बघू नका. रांगेत उभं राहतो का, वाकून नमस्कार करतो का, पडल्यावर उठतो का, एवढंच बघा.

सामने लवकर खेळवू नका. खेळवलेच तर छातीचं आणि डोक्याचं संरक्षक कवच असल्याशिवाय नाही, मग ते 'हलकंच खेळतोय' असं कोणी कितीही म्हणो.

ब्लॅक बेल्ट किती दिवसांत मिळतो?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

कोरियात काळा पट्टा ही सुरुवात मानली जाते. नियमित जाणाऱ्या मुलाला वर्ष-दीड वर्षात पहिली पायरी मिळून जाते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना 'दान', म्हणजे मोठ्यांच्या काळ्या पट्ट्याची पायरी, मिळत नाही, 'पुम' मिळतो. पुमचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. पहिल्या दानपासून दुसऱ्याला किमान एक वर्ष, दुसऱ्यापासून तिसऱ्याला दोन वर्षं, असं अंतर पुढे वाढत जातं. नववा दान सर्वांत वरचा, आणि तिथे पोहोचेपर्यंत डोक्यावरचे केस पांढरे झालेले असतात.

माझ्या भाचीला आपल्याकडच्या एका क्लासने 'सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट' म्हणून घातलं. दर महिन्याला परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी, नवा पट्टा, नवा फोटो. सुट्टीत ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या कमरेला काळा पट्टा होता आणि तेगुक म्हणजे नवशिक्यांच्या पुमसे, त्यांतल्या पहिल्याच मालिकेत तिला कोणत्या बाजूला वळायचं ते आठवत नव्हतं. पोरगी रडली. तिची काहीच चूक नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: दान किंवा पुमचं प्रमाणपत्र कुक्कीवॉनचं आहे का ते विचारा आणि त्यावरचा क्रमांक कुक्कीवॉनच्या संकेतस्थळावर तपासा. शिक्षकांचंही तपासा. चांगला शिक्षक या प्रश्नाने रागावत नाही. (ज्या संघटना कुक्कीवॉनशी जोडलेल्या नाहीत, उदाहरणार्थ १९६६ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ, त्यांची प्रमाणपत्रं वेगळी असतात. ती वाईट नव्हेत, पण कोणतं मिळणार ते आधी माहीत हवं.)

आमच्या घरात कुस्तीची परंपरा आहे. सिरम जवळचं वाटेल का?

खूप. आखाडा लाल मातीऐवजी वाळूचा, आठ मीटर व्यासाचा. लंगोटाच्या जागी 'सात्पा', म्हणजे कमरेला आणि उजव्या मांडीला गुंडाळलेला कापडी पट्टा. दोघे गुडघ्यांवर बसून एकमेकांचा सात्पा धरतात, उजवा हात कमरेवर, डावा मांडीवर, आणि धरलेल्या अवस्थेतच उठतात. मग लढत. चीतपट करायची गरज नाही. गुडघा किंवा त्याच्या वरचा कोणताही भाग वाळूला लागला की संपलं. तीनपैकी दोन जिंकणारा विजयी. त्यामुळे एकेक डाव काही सेकंदांत उरकतो आणि आपल्या तासभर चालणाऱ्या कुस्त्यांची सवय असलेल्याला चुकल्यासारखं होतं. पूर्वी जिंकणाऱ्याला बैल मिळायचा.

२०१८ मध्ये सिरमची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली ती उत्तर आणि दक्षिण कोरियाने मिळून. दोन्ही देशांनी एकत्र केलेली ती पहिलीच नोंद. इथल्या म्हाताऱ्या लोकांशी त्याबद्दल बोललं की त्यांचे डोळे भरतात. दूरदर्शनवरचे सूत्रसंचालक कांग हो-दोंग तरुणपणी सिरमचे अव्वल मल्ल होते. ते ठाऊक असेल तर इथल्या कोणाशीही गप्पांना विषय मिळतो.

वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी?

धनुर्विद्या, दुसरा विचारच नको. कोरियन पारंपरिक धनुर्विद्येत लक्ष्य १४५ मीटर दूर असतं. आकडा वाचून घाबरू नका, इथल्या मैदानांवर सत्तरी ओलांडलेली माणसं रोज सकाळी येतात. जुनं धनुष्य, काकगुंग, पाणम्हशीचं शिंग, बांबू, जनावराची शीर आणि माशाचा सरस यांचं बनवतात. दमट हवेत ते मऊ पडतं म्हणून उबदार पेटीत ठेवावं लागतं. नवशिक्याला ते देत नाहीत. त्याला फायबरचं, हलक्या ताणाचं धनुष्य मिळतं.

पहिले काही आठवडे बाण नाहीच. रिकामं धनुष्य ओढायचं आणि हळू सोडायचं. मग दोरीला बांधलेला बाण, म्हणजे तो फार लांब जात नाही. त्यानंतर खऱ्या मैदानात पाच-पाच बाणांची एक 'सुन', आणि सुन संपली की चालत जाऊन बाण आणायचे. जाऊन-येऊन जवळजवळ तीनशे मीटर. सकाळभरात चांगलं फिरणं होतं ते असं. बाण सोडताना बोलायचं नाही, या नियमाला 'सुपसा-मुऑन' म्हणतात. ज्यांना गप्पांचा कंटाळा येतो अशा वडिलांना हे विशेष आवडतं.

खांदा धरलेला असेल किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांची परवानगी घेऊनच.

मुली आणि बायकांना वेगळा वर्ग असतो का?

बहुतेक ठिकाणी नाही, सगळे एकत्र. सिरममध्ये बायकांचे वेगळे गट आणि वेगळे सामने असतात.

शिकल्यावर स्वसंरक्षण करता येईल?

तोल सुधारतो, पडावं कसं ते कळतं, कोणी अंगावर आलं तर पाय खिळत नाहीत. हे कमी नाही. पण चाकू घेतलेल्या माणसापुढे कोणत्याही पट्ट्याच्या माणसाने पळणंच योग्य, असं आमचे साबॉमनिमसुद्धा वर्गात स्पष्ट सांगतात. कोणी दहा दिवसांच्या शिबिरात 'कुणालाही लोळवाल' असं सांगत असेल तर पैसे वाचवा.

कोरियन भाषा येत नाही. अडेल का?

पहिला महिना अडखळाल. हाना, दुल, सेत, नेत असे दहापर्यंत आकडे, 'चारियॉत' म्हणजे सावधान, 'क्यॉंगन्ये' म्हणजे नमस्कार, 'शिजाक' म्हणजे सुरू, 'कुमान' म्हणजे थांबा. एवढ्यावर बराच वेळ निभतं. शिक्षकाला नावाने हाक मारू नका: साबॉमनिम, आणि दोजांगच्या प्रमुखांना क्वानजांगनिम. आपल्याकडे वस्तादांना कोणी नावाने हाक मारत नाही, तसंच. वस्तू देता-घेताना दोन्ही हात लावा.

महाराष्ट्रात राहून यातलं काय शिकता येईल?

तायक्वांदो तालुक्याच्या गावातसुद्धा मिळेल. शालेय स्पर्धांमध्येही तो आहे. फक्त वर सांगितलेली प्रमाणपत्राची चौकशी करा आणि फी भरण्याआधी एक पूर्ण वर्ग कडेला बसून बघा. लहान मुलांवर शिक्षक ओरडतात की त्यांना हाताने धरून दाखवतात, एवढ्यावरून बरंच कळतं. तेक्क्यॉनचा खरा वर्ग मात्र गुरूसमोरच होतो. व्हिडिओ बघून पावलं करून बघा, लाथा आणि पाडण्याचे डाव घरच्या फरशीवर नकोत.

आठ दिवसांसाठी कोरियाला येतोय. काय बघू?

सोलमध्ये गांगनाममधलं कुक्कीवॉन. सुवनमध्ये राजवाड्यासमोरची चोवीस कलांची प्रात्यक्षिकं, आणि तिथून किल्ल्याच्या भिंतीकडेने चालत योनमुदे या सैनिकांच्या जुन्या सरावाच्या जागी जा, तिथे पर्यटकांनाही धनुष्यबाण चालवायला देतात. वेळ असेल तर छुंगजू, तेक्क्यॉनचं माहेर. तायक्वांदो करणारं मूल सोबत असेल तर मुजूच्या डोंगरातलं तायक्वांदोवॉन, २०१४ साली उघडलेलं. ते सोलपासून दूर आहे, एक दिवस पूर्ण जातो.

पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ?

सैल पायजमा, टी-शर्ट, पाण्याची बाटली. दोबोक, म्हणजे वर्गाचा पोशाख, लगेच विकत घेऊ नका, दोन आठवडे टिकलात की घ्या. पायाची नखं आदल्या रात्री कापा. अंगठी, पैंजण, बांगड्या घरी काढून ठेवा. जेवण वर्गाच्या दोन तास आधी उरका. आणि दहा मिनिटं लवकर जा, कारण वर्गाआधी सगळे मिळून जमीन पुसतात. त्या फडक्यातलं एक तुम्हीही उचला.